न सुटलेले कोडे आणि न सोडवलेले कोडे

दिवाळी अंकाच्या लेखकाला एक सवलत कधीच मिळत नाही. त्याला गोष्टीच्या शेवटी 'क्रमशः' असे लिहिता येत नाही. मासिकाच्या वाचकाला महिनाभर टांगून ठेवता येते, साप्ताहिकाच्या वाचकाला आठ दिवस. पण वर्षातून एकदाच निघणाऱ्या अंकात नायिकेला कड्याच्या टोकावर उभी करून संपादक पुढच्या नरकचतुर्दशीचा वायदा करू लागले, तर वाचक फराळाचे ताट तसेच ठेवून आधी संपादकांच्या घरचा रस्ता धरतील! तेव्हा येथे जे काही मांडायचे ते येथेच आवरायचे.

गोष्ट सांगण्याच्या या दोन तऱ्हा आपल्याकडे जुन्याच आहेत. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून प्रकरणाप्रकरणाने येत होती, आणि यमूचे पुढे काय होणार याची वाट पाहत घरोघरचे वाचक आठवडा काढीत होते. उलट बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पुस्तकापुस्तकांतून तोच राही, पण प्रत्येक गोष्ट ज्या त्या पुस्तकात संपे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने वाचकाला कधी उपाशी उठवले नाही. एकात ओढ, दुसऱ्यात तृप्ती. दोन्ही एकाच ताटात वाढता येतील का, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तो मला पडला तो मात्र मराठी वाङ्मयावरून नव्हे. एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेवरून पडला.

मालिकेचे नाव 'द एक्स-फाइल्स'. १० सप्टेंबर १९९३ रोजी फॉक्स वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि सलग नऊ मोसम चालून १९ मे २००२ रोजी ती थांबली. मध्ये १९९८ साली आणि नंतर २००८ साली तिच्यावर चित्रपट निघाले. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये तिचे दोनदा पुनरुज्जीवन झाले. सगळे मिळून २१८ भाग. जनक ख्रिस कार्टर. एफ. बी. आय. या अमेरिकन तपाससंस्थेच्या वॉशिंग्टनमधील कचेरीच्या तळघरात दोन अधिकारी बसतात. ज्या प्रकरणांचा उलगडा होत नाही अशांच्या फायली त्यांच्याकडे येतात. फॉक्स मल्डर विश्वास ठेवणारा, आणि डेना स्कली शास्त्र शिकलेली, शवविच्छेदन करणारी, पुराव्यावाचून पाऊल न टाकणारी. डेव्हिड डुकोव्हनी आणि गिलियन अँडरसन यांनी या भूमिका केल्या. बाई संशयवादी आणि पुरुष श्रद्धाळू, ही उलटापालट त्या काळी पडद्यावर दुर्मिळ होती. एवढ्यावरही कार्टर यांना शाबासकी द्यायला हरकत नाही.

या मालिकेत दोन जातींचे भाग आहेत. पहिल्या जातीत दर आठवड्याला एक नवे गाव, नवा चमत्कार, नवा प्राणी. पाऊण तासात तपास सुरू होऊन संपतो. रसिकांनी या भागांना 'मॉन्स्टर ऑफ द वीक', म्हणजे 'आठवड्याचा राक्षस', असे काहीसे हिणकस नाव ठेवले आहे. दुसऱ्या जातीचे भाग 'मायथॉलॉजी' म्हणून ओळखले जातात. आपण त्याला 'पुराण' म्हणू. मल्डरची धाकटी बहीण समँथा १९७३ च्या नोव्हेंबरात, ती आठ वर्षांची असताना, घरातून नाहीशी झाली. तो तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याच खोलीत होता. तिला परग्रहवासीयांनी नेले आणि सरकारातल्या काही माणसांना ते ठाऊक आहे, अशी त्याची खात्री आहे. तिचा शोध हा या पुराणाचा मूळ धागा.

माझ्या भाच्याने मोठ्या आपुलकीने मला एक यादी करून दिली. मामाचे वय लक्षात घेऊन २१८ भागांतून कोणते पाहावे आणि कोणते टाळावे याच्या खुणाच त्याने केल्या होत्या. टाळायच्या भागांत बहुतेक सगळे 'राक्षस' होते. "मामा, हे सोडून द्या. यांत गोष्ट पुढे सरकत नाही," असे तो म्हणाला. हे मत त्याच्या एकट्याचे नाही. आजच्या प्रेक्षकांत ते इतके रुजले आहे की स्वयंपूर्ण भागाला 'भरती' म्हणण्याची रीतच पडली आहे. जणू खरा पदार्थ वेगळा आणि हे त्यातले पीठ! मी यादी जपून ठेवली, आणि जे टाळायचे होते तेच आधी पाहिले.

मालिकेच्या तिसऱ्याच आठवड्यात, २४ सप्टेंबर १९९३ रोजी, 'स्क्वीझ' हा भाग आला. ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँग हे त्याचे लेखक. राक्षस-परंपरेतला हा पहिला. बाल्टिमोर शहरात बंद कचेरीत एका माणसाचा खून होतो. दार आतून लावलेले, आणि मृताचे यकृत कोणी तरी हातांनी काढून नेलेले. हवा खेळण्यासाठी भिंतीत असते तशा झरोक्यावर एक ठसा सापडतो, माणसाच्या बोटाचा, पण विलक्षण लांबट. मल्डर जुन्या फायली काढतो. हाच ठसा १९६३ मध्ये सापडला होता, १९३३ मध्येही. दर तीस वर्षांनी पाच खून, मग सारे शांत. यूजीन टूम्स नावाचा एक साधा दिसणारा तरुण नोकरदार वीतभर फटीतून अंग चिंचोळे करून जातो, पाच यकृते खातो आणि वर्तमानपत्रांच्या चिंध्या व पित्त यांचे घरटे करून तीस वर्षे झोपतो.

वर्णनावरून हा प्रकार पोरकट वाटेल; माझ्या घरातही प्रथम हसूच उमटले. पण या भागात एक म्हातारा निवृत्त पोलीस आहे. चाकांच्या खुर्चीत बसलेला हा गृहस्थ जुन्या खुनांचा तपास करून हरलेला आहे. त्याने पुराव्यांची एक पेटी घरी जपून ठेवली आहे, आणि मल्डर दारात येतो तेव्हा आपण पंचवीस वर्षे याच भेटीची वाट पाहत होतो अशा अर्थाचे तो बोलतो. त्या जुन्या खुनाच्या खोलीत शिरताना मनाला काय झाले हे सांगून तो म्हणतो की १९४५ साली छळछावण्यांच्या बातम्या आल्या तेव्हा मला तीच खोली आठवली. बस्स, एवढेच. परंतु या एका वाक्याने फटीतून येणारा राक्षस शतकाच्या दुष्टाव्याशी जोडला जातो, आणि हसणारे घर गप्प होते. भयानकरसाला कारुण्याची अशी एक कड लागल्यावाचून तो केवळ दचकवणूक राहतो, हे आपल्या जुन्या रसचर्चेला ठाऊक होते. या दोघा लेखकांना ते उपजत कळले असावे. शेवटी टूम्स कोठडीत आहे. पहारेकरी दारातल्या अरुंद फटीतून जेवणाची थाळी आत सरकवतो. टूम्स त्या फटीकडे पाहतो आणि हसतो. भाग संपतो.

यात गोष्ट पुढे सरकत नाही, असे भाचा म्हणतो. मला तर एका शतकाचा हिशेब पाऊण तासात मांडून झालेला दिसला!

या तऱ्हेमागे व्यवहारही आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सच्या कथा सुरू करताना कॉनन डॉयल यांनी असाच विचार केला होता, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. क्रमशः कादंबरीचा एक अंक चुकला की वाचक दुरावतो. मग नायक एकच ठेवावा, पण प्रत्येक अंकातली गोष्ट त्याच अंकात पुरी करावी. अमेरिकन दूरचित्रवाणीत हेच गणित पुढे वेगळ्या रूपाने आले. जुन्या मालिकांचे भाग इतर केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकण्यात मोठी कमाई असे, आणि तेथे भाग कोणत्याही क्रमाने लागत. अशा वेळी मागचे-पुढचे न मागणारा भाग हेच नगद नाणे. तेव्हा स्वयंपूर्ण भाग हा कलेच्या सोवळेपणातून जन्मला, असे मी म्हणणार नाही. पण बाजाराने घातलेले बंधन कधी कधी कलेला मानवते. वृत्ताचे बंधन कवीला मानवते, तसेच.

आता पुराणाकडे वळू. आरंभी ते उत्तम होते, हे आधी मान्य केले पाहिजे. पहिल्या मोसमाच्या अखेरीस, मे १९९४ मध्ये, मल्डरला गुपचूप माहिती पुरवणारा वृद्ध अधिकारी मारला जातो आणि तळघरातली कचेरी बंद होते. त्या भागात जो अंधार आहे तो अजूनही अंगावर येतो. पुढे तर दैवानेच लेखकांना हात दिला. गिलियन अँडरसन गरोदर होत्या आणि १९९४ मध्ये त्यांना काही काळ पडद्याबाहेर ठेवणे प्राप्त होते. लेखकांनी स्कलीचे अपहरण घडवून आणले. एका घरगुती अडचणीतून मालिकेला तिची सर्वांत खोल जखम मिळाली. पुढची कित्येक वर्षे, थेट स्कलीच्या जीवघेण्या आजारापर्यंत, ही जखम वाहत राहिली. आधीपासून आखणी केली असती तर इतके नेमके कदाचित साधले नसते.

परंतु नंतर? नंतर काळे तेल आले, मधमाश्या आल्या, हुबेहूब दिसणारी माणसे आली, देवीच्या लशीच्या नोंदी आल्या, धूम्रपान करणारा एक गूढ गृहस्थ तर होताच. तो मेला, पुन्हा आला, पुन्हा मेला, पुन्हा आला. प्रत्येक उत्तराच्या पोटातून दोन प्रश्न निघत. फेब्रुवारी १९९९ मध्ये कटवाल्यांची सगळी टोळी एका कोठारात जाळून टाकण्यात आली. कोणाही शहाण्या कथेकऱ्याने येथे टाळ खाली ठेवला असता. पण मालिका पैसे देत होती, तेव्हा ती आणखी तीन वर्षे चालली. जुना कट गेला, तर नवे अजिंक्य सैनिक आणले गेले. डुकोव्हनी यांनी अंग काढून घेतले, तर शोधणारा नाही आणि शोध चालू, अशी चमत्कारिक स्थिती झाली. २००२ च्या अखेरच्या भागात मल्डरवर खटला भरतात, आणि साक्षीदार एकामागून एक उभे राहून नऊ वर्षांचे कथानक न्यायासनाला समजावून सांगतात. प्रेक्षकांसाठीच ही सोय होती हे उघड आहे. नऊ वर्षे पाहूनही ज्यांना कळले नाही त्यांच्यासाठी न्यायालय भरवावे लागले, यातच त्या पुराणावरचा निकाल आला! त्याच भागात जगाच्या शेवटाची तारीखही सांगितली होती: २२ डिसेंबर २०१२. ती आली आणि गेली. शनिवार होता, मी मंडईत मटार निवडत होतो. २०१६ मध्ये मालिका परतली तेव्हा तिने सांगितले की परग्रहवासीयांचे आक्रमण ही मूळ समजूतच बनावट, खरा कट माणसांचा. आणि २०१८ मध्ये असे कळले की २०१६ च्या अखेरीस पाहिलेला हाहाकार हा केवळ स्कलीला झालेला भास होता.

येथे 'रहस्य उलगडले नाही' अशी तक्रार करून बहुतेक टीकाकार थांबतात. मला ती तक्रार अपुरी वाटते. रहस्य उलगडलेच पाहिजे असा कलेचा काही दंडक नाही. जगात कित्येक कोडी सुटत नाहीत आणि ती तशीच मांडणे हा सच्चेपणाच आहे. माझा भेद दुसराच आहे. न सुटलेले कोडे निराळे आणि न सोडवलेले कोडे निराळे. पहिले कोडे सुटत नाही, कारण ते ज्या आयुष्यात पडले त्या आयुष्यातच उत्तर नाही. दुसरे सुटत नाही, कारण सांगणाऱ्याला ते पुढच्या मोसमात पुन्हा विकायचे आहे. वरून दोन्ही सारखीच दिसतात. मात्र पहिल्याने मन व्याकुळ होते आणि दुसऱ्याने हळूहळू शिणून जाते. प्रेक्षकाला हा भेद शब्दांत सांगता येत नसेल, पण तो त्याला जाणवतो.

आणि गंमत अशी की हा भेद दाखवून देणारे दोन्ही भाग याच मालिकेत आहेत, आणि दोन्ही समँथाविषयीच आहेत.

'पेपर हार्ट्स' हा भाग डिसेंबर १९९६ मधला. लेखक व्हिन्स गिलिगन. पुराणाशी त्याचा तांत्रिक संबंध नाही. भाच्याच्या यादीत त्यावर काट मारलेली होती. जॉन ली रोश नावाचा एक फिरता विक्रेता, घराघरांत जाऊन झाडलोटीची विद्युत्-यंत्रे विकणारा, कित्येक वर्षांपूर्वी तेरा मुलींच्या खुनांबद्दल पकडला गेला आहे. पकडणाऱ्यांत मल्डर होता. प्रत्येक मुलीच्या कपड्यातून रोश एक हृदयाकार तुकडा कापून ठेवी. हे तुकडे कधीच सापडले नव्हते. एका स्वप्नामागून मल्डर जातो आणि एका उद्यानात मुलीचा सांगाडा सापडतो. हिची गणती तेरांत नाही. मग तुकडे सापडतात, एका जुन्या पुस्तकाच्या पानांत. ते तेरा नाहीत, सोळा आहेत.

तो सापडलेला तुकडा ओळखायला ते त्या मुलीच्या म्हाताऱ्या बापाकडे जातात. तो माणूस फार बोलत नाही. हरवलेले असणे हे मेल्याहून वाईट, कारण काय झाले ते कळत नाही, असे आपल्याला इतकी वर्षे वाटे, एवढेच तो सांगतो. आणि आता कळल्यावर, हे पाहायला आपली बायको जिवंत नाही हे तिचे भाग्य, असे म्हणतो. मल्डर हे उभ्याने ऐकतो. तोही हरवलेल्या मुलीचाच माणूस आहे. आणि उरलेल्या दोन तुकड्यांतला एक तुझ्या बहिणीचा, असे रोश तुरुंगातून त्याला सांगतो.

वाचकहो, या एका वाक्याने काय होते पाहा. तीन वर्षे आपण परग्रहवासीयांची प्रकाशमान याने पाहत होतो. ती कितीही भयंकर असली, तरी तीत एक दिलासा होता: ज्याला नेले तो कोठे तरी असेल. आता त्या प्रकाशाच्या जागी दाराशी आलेला एक हसतमुख विक्रेता उभा राहतो. यानांवरची सारी श्रद्धा ही कदाचित बारा वर्षांच्या मुलाने असह्य गोष्ट झाकण्यासाठी विणलेली चादर असेल. संपूर्ण पुराणाचा पाया एका स्वयंपूर्ण भागाने हलवला! पुढे मल्डर रोशची परीक्षा घेतो. समँथाचे म्हणून मुद्दाम भलतेच घर त्याला दाखवतो, आणि रोश त्या भलत्या घरातल्या आठवणी रंगवून सांगतो, तेव्हा त्याचे खोटे उघडे पडते. रोश पळतो, दुसऱ्या एका मुलीला ओलीस धरतो, आणि मल्डरला त्याच्यावर गोळी झाडावी लागते. मुलगी वाचते. पण सोळावा तुकडा कोणाचा, हे सांगणारा एकटा माणूस त्या गोळीबरोबर जातो. शेवटी मल्डर तो तुकडा हातात घेऊन बसतो, आणि टेबलाच्या खणात ठेवून देतो.

हे न सुटलेले कोडे. त्याचे उत्तर पुढच्या मोसमासाठी राखून ठेवलेले नाही. ते आता अस्तित्वातच नाही. समँथाचा नसेल तर तो तुकडा दुसऱ्या कोणाच्या तरी बहिणीचा आहे, आणि त्या घरी अजून कोणी वाट पाहत असेल. त्यामुळे भाग संपतो तेव्हा दुःख मल्डरच्या घरातून बाहेर पडून अनोळखी उंबऱ्यावर जाते. एवढे पुराणाच्या कुठल्याही भागाला साधले, असे मला वाटत नाही.

आता 'क्लोजर', फेब्रुवारी २०००. हा पुराणातला भाग. समँथाचे काय झाले याचे अधिकृत उत्तर येथे मिळते. तिच्यावर लष्करी वसाहतीत प्रयोग झाले, १९७९ मध्ये ती पळाली, आणि फार दुःख भोगावे लागणाऱ्या मुलांना ज्या दिव्य शक्ती तारकांच्या प्रकाशात विलीन करतात त्यांनी तिला नेले. मल्डर रात्रीच्या माळावर त्या बालआत्म्यांना भेटतो, बहिणीला मिठी मारतो, आणि मोकळा होतो. दृश्य देखणे आहे, संगीतही गोड. माझ्या घरातल्या दोघींच्या डोळ्यांना पदर लागले, हेही नमूद करतो. पण हे उत्तर प्रश्नातून आलेले नाही. सात वर्षे आपण कागदपत्रे, ठसे, कबुलीजबाब यांच्या मागे धावलो, आणि शेवटी हाती तारे आले! नाटकात गाठ सुटेना की देवाला यंत्रातून खाली उतरवत, त्यातलाच हा प्रकार. बहिणीचे कोडे सोडवले नाही; नुसते मिटवले, कारण ते जड झाले होते. हरवलेल्या मुलीचे दुःख सात वर्षे आमिष म्हणून वापरून झाल्यावर त्याचा असा सुगंधी निकाल लावावा, याचा मला रागच येतो.

दुसऱ्या बाजूचे दोन शब्द मात्र बोललेच पाहिजेत. 'पेपर हार्ट्स' इतका लागतो, कारण त्यामागे तीन वर्षांचे पुराण उभे आहे. समँथा हे नाव आपल्याला नवीन असते तर रोशचे वाक्य सामान्य ठरले असते. म्हणजे लांब कथेने साठवलेली कळ छोट्या कथेने वापरली. याच्या उलट, स्वयंपूर्ण भागांचा एक दोष फार बोचतो. स्कली दर आठवड्याला नवा चमत्कार पाहते आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी करून येते. पन्नास अद्भुते डोळ्यांनी पाहिल्यावरही "याला शास्त्रीय कारण असेल" असे म्हणणारी बाई शास्त्रज्ञ कसली, विसरभोळी म्हणावी लागेल. एकेक भाग सुटा ठेवायचा म्हणजे पात्रांची आठवण कापायची, ही त्या तऱ्हेची किंमत आहे.

चांगल्या लेखकांनी ती किंमतही कमी करून घेतली. १३ ऑक्टोबर १९९५ चा भाग, 'क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोझ', हा डॅरिन मॉर्गन यांचा. त्याच्या लेखनाला आणि पीटर बॉइल यांच्या अभिनयाला १९९६ चे एमी पारितोषिक मिळाले. आयुर्विमा विकणारा हा म्हातारा. त्याला प्रत्येकाचे मरण कसे येणार ते दिसते, आणि दुसरे काहीही उपयोगाचे दिसत नाही. ज्योतिषांचे खून करत सुटलेला एक वेडा त्याला विचारतो, मी असे का वागतो? म्हातारा शांतपणे सांगतो की तू खुनी वेडा आहेस म्हणून. आणि त्या खुन्याला हायसे वाटते! इतके विनोदी आणि इतके खिन्न लेखन मी पडद्यावर थोडेच पाहिले आहे. शेवटी म्हातारा आपणहून निरोप घेतो. त्याला आधीच दिसले होते त्याप्रमाणे स्कली त्याच्या उशाशी हात हातात घेऊन बसते. या भागातून ती एका मृत शेजारणीचा कुत्रा घरी आणते आणि 'मोबी डिक'मधल्या पात्रावरून त्याचे नाव क्वीक्वेग ठेवते, कारण तिचे वडील आणि ती एकमेकांना त्याच पुस्तकातल्या नावांनी हाक मारीत. पुढे मे १९९६ मध्ये, तळ्यातल्या राक्षसाच्या एका भागात, तो कुत्रा दगावतो. आणि त्याच रात्री पाण्याने वेढलेल्या एका खडकावर बसून स्कली मल्डरला सांगते की तू त्या पुस्तकातल्या कप्तानासारखा आहेस, एका माशापायी सगळ्यांना बुडवशील. पुराणाचा नायक काय चुकतो आहे याचे सर्वांत नेमके विवेचन असे एका 'भरती'च्या भागात, एका कुत्र्याच्या निमित्ताने येते. मोठ्या कटापेक्षा असा एखादा कुत्रा मालिकेला जास्त घट्ट बांधतो.

अर्थात लांब रहस्य मुळातच फसवे असते, असे कोणी समजू नये. 'बॅबिलॉन ५' ही याच दशकातली अंतराळकथा जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची म्हणूनच बांधली. ११० पैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. नट बदलावा लागला, मालिका बंद पडण्याची पाळी आली, तरी शेवट ठरलेला असल्यामुळे गाडी घसरली नाही. 'लॉस्ट'च्या कर्त्यांनीही २००७ मध्ये वाहिनीकडून २०१० ही समाप्ती ठरवून घेतली, तेव्हा कुठे कथेला दिशा आली. शेवट कोठे आहे हे सांगणाऱ्याला तरी ठाऊक असावे लागते.

आपल्याकडे याचा नमुना केव्हाचा आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' पाहायला घरेच्या घरे बसत, पण मूळ वेताळपंचविशीची बांधणी पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. प्रत्येक रात्री एक पुरी गोष्ट, एक प्रश्न, राजाचे उत्तर, आणि वेताळ पुन्हा झाडावर. पाठीमागे मात्र एक लांब रहस्य दबा धरून असते: त्या योग्याला हे प्रेत कशासाठी हवे आहे? अखेरच्या गोष्टीत बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी लग्न करतो. त्यांच्या मुलांचे नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो, आणि गप्प राहिला म्हणूनच वेताळ उडून जात नाही. प्रसन्न होऊन योग्याचा डाव सांगतो. छोटे कोडे सुटले नाही, आणि त्याच्या न सुटण्यानेच मोठे कोडे सुटले. कार्टर यांनी ही गोष्ट वाचली होती की नाही, देव जाणे.

२०१६ च्या पुनरागमनात सहाच भाग होते. पुराणाचे जे होते ते मी वर सांगितले. त्या सहांत डॅरिन मॉर्गन यांचाही एक होता. त्यात मल्डर थकला आहे. आजवरच्या साऱ्या राक्षसांत खोटे किती निघाले याचा हिशेब करत बसला आहे. मग त्याला एक सरडामानव भेटतो, आणि त्याचे दुःख असे की तो माणूस चावल्यामुळे दिवसा माणूस होतो! माणूस झाल्याबरोबर त्याला आपण नोकरी शोधली पाहिजे असे वाटू लागते, तो फोनच्या दुकानात विक्रेता होतो, म्हातारपणाच्या तरतुदीची चिंता करतो, कुत्रा पाळतो, आणि तो हरवला म्हणून रडतो. सकाळी उठल्यावर हे सगळे पुन्हा करायचे, यापेक्षा दगडाखाली दहा हजार वर्षे झोपलेले बरे, असे त्याला वाटते. आमच्या घरी त्या रात्री पोट धरधरून हसलो, आणि कचेरीतून नुकतीच आलेली सून हसता हसता मध्येच थांबली, हेही मी पाहिले. शेवटी तो मल्डरचा निरोप घेतो, त्याला भेटून बरे वाटले म्हणतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा सरडा होऊन रानात पळून जातो. मल्डर त्या रानाकडे पाहत उभा असतो.

पुढच्या भागासाठी काहीही शिल्लक ठेवलेले नसते.